नाही म्हणताय, तर लिहून द्या

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उघडला, स्क्रीनचा उजवा कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाला, “फिजिकल डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही. ९,४०० होतील.” एवढे म्हणायला त्याला दोन मिनिटेही लागली नाहीत. माझी धाकटी बहीण सकाळच्या एसटीने कराडहून कोल्हापूरला गेली होती, दुपारच्या एसटीने परत आली. हातात कागदाचा चिटोराही नव्हता.

ही जानेवारी २०२५ ची गोष्ट. ती तेव्हा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रोजेक्ट अर्ध्यात होता, कंपन्यांच्या ऑनलाइन परीक्षा तोंडावर होत्या. लॅपटॉप ऑगस्ट २०२२ मध्ये घेतलेला, ५८,५०० रुपयांचा. त्यातले निम्मे पैसे अम्मीच्या भिशीचे. वर ५,४९९ रुपये देऊन दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती. म्हणजे कंपनीचे एक वर्ष धरून ऑगस्ट २०२५ पर्यंत काळजी नाही, असे आम्ही समजत होतो.

संपादकीयात लॅपटॉपच्या बिजागरीवर लिहायचे म्हटल्यावर आमच्या मंडळात थोडी चेष्टा झाली. इथे आपण शिष्यवृत्ती, मतदारयादी, भाड्याने घर न मिळणे अशा विषयांवर लिहितो. त्या मानाने हे फारच घरगुती. पण त्या अडीच महिन्यांत मला आपल्याबद्दल जे दिसले, ते मोठ्या विषयांवरच्या बैठकांत फारसे दिसत नाही. म्हणून लिहिते.

बहीण घरी आली तेव्हा अम्मी म्हणाली, “जान दे रे बेटी. झगडा कायकू? कागदपे अपना नाम आताय, फिर झंझट.” मी पुण्याहून फोनवर होते. मला राग आला. मग लक्षात आले की हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. लाइट बिल चुकून दुप्पट आले तेव्हा, रेशन दुकानदाराने तूरडाळ संपली म्हणून सांगितले तेव्हा, एसटीत सुटे पैसे राहिले तेव्हासुद्धा. नाव कागदावर येऊ नये. आले की कोणीतरी वाचेल, आणि वाचले की काहीतरी होईल. हे काहीतरी म्हणजे नेमके काय, ते अम्मीने कधी सांगितले नाही. तिच्या पिढीने जे पाहिले आहे, त्यानंतर तिला ते सांगावेही लागत नाही.

पुढच्या शनिवारी मी बहिणीबरोबर कोल्हापूरला गेले. तोच मुलगा, तेच उत्तर. मी म्हणाले, “ठीक आहे. वॉरंटीत का बसत नाही ते लिहून द्या.” तो म्हणाला, तशी पद्धत नाही. मी म्हणाले, लॅपटॉप तपासणीसाठी जमा करून घ्या आणि जॉबशीट द्या. मग त्यावर जे कारण असेल ते लिहा. त्याने आत जाऊन कोणाला तरी विचारले. बाहेर आला, फॉर्म काढला, नाव विचारले, स्पेलिंग दोनदा विचारले. मी त्या दोनदा विचारण्याकडे बारकाईने पाहत होते. त्याच्या आवाजात काही आहे का? चेहऱ्यावर काही आहे का? आपल्याला ही सवय असते, ती तुम्हाला सांगायला नको.

आमच्या मागे रांगेत कपाळाला बुक्का लावलेले एक काका होते. त्यांच्या मुलाच्या लॅपटॉपच्या कीबोर्डच्या पाच-सहा कळा चालत नव्हत्या. त्याच मुलाने त्यांनाही दोन मिनिटांत तेच सांगितले: फिजिकल डॅमेज, वॉरंटीत नाही, एवढे एवढे होतील. काकांनी, “नशीब आपलं,” म्हणत खिशातून पैसे काढले.

परतीच्या एसटीत मी त्या काकांचाच विचार करत होते. नकार एकच होता. त्यांनी तो नशिबाच्या खात्यात टाकला, आम्ही नावाच्या खात्यात टाकायला निघालो होतो. दोन्ही खात्यांचा कंपनीला फायदाच, कारण दोन्हीकडे गिऱ्हाईक गप्प घरी जाते. मी असे अजिबात म्हणत नाही की नावामुळे काही घडत नाही. पुण्यात घर शोधताना फोनवर नाव सांगितले की फ्लॅट अचानक ‘गेलेला’ असतो, हे या मासिकाच्या अर्ध्या वाचकांनी अनुभवले असेल. पण जिथे सगळ्यांनाच सारखे लुबाडले जाते, तिथेही आपण भेदभावाच्या भीतीने आधीच माघार घेतो, आणि मग जिंकता येण्यासारख्या लढायाही लढत नाही.

जॉबशीटवर कारण आले तीन अक्षरांत: सीआयडी. रात्री कराडला अम्मीने तो कागद पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. “सीआयडी? पुलिस कायकू आयी इसमें?” बहीण हसून हसून लोळली. सीआयडी म्हणजे कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, गिऱ्हाइकाने स्वतः केलेले नुकसान. सर्व्हिस सेंटरच्या बोलीतला हा रोजचा शब्द. अम्मीला समजावले, ती पण हसली. पण तिला आधी पोलीसच आठवले, हे मी काही विसरू शकले नाही.

आता त्या तीन अक्षरांकडे येते, कारण सगळा वाद तिथेच आहे.

लॅपटॉपच्या बिजागरीला आत घर्षण मुद्दाम ठेवलेले असते, नाहीतर स्क्रीन हव्या त्या कोनात उभी राहणार नाही. बिजागरी धातूची, पण ती ज्या अंगावर बसते ते स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये प्लास्टिकचे. त्या प्लास्टिकमध्ये छोटे पितळी नट रुतवलेले असतात, स्क्रू त्यांत फिरतात. दोन-अडीच वर्षांत बिजागरी कडक होते किंवा एखादा स्क्रू सैल होतो. मग झाकण उघडताना जो जोर बिजागरीने घ्यायचा, तो प्लास्टिक घेते. एक दिवस ‘कट्’ असा आवाज येतो आणि पितळी नट प्लास्टिकसकट उपटून बाहेर येतात. झाकणाचा कोपरा उलतो. त्याच बिजागरीजवळून स्क्रीनची केबल जाते, तिच्यावर ताण येतो, आठवड्याभरात स्क्रीन फडफडायला लागते. बहिणीच्या लॅपटॉपचे तंतोतंत हेच झाले होते. तो कुठे पडला नव्हता. पडला असता तर बाहेरच्या कोपऱ्यावर ठेच दिसली असती, झाकणावर चरा असता. तसे काही नव्हते. तुटले होते ते आतून.

प्रामाणिकपणे सांगायचे तर बहिणीला एका हाताने, उजवा कोपरा धरून झाकण उघडायची सवय आहे. त्याने त्या बाजूवर जोर जास्त येतो. कंपनी हे म्हणाली असती तर मी थोडी अडखळले असते. पण कोपऱ्याला धरून लॅपटॉप उघडणे हा गैरवापर असेल, तर तसे कुठेतरी लिहिलेले हवे, आणि झाकण रोज उघडायचे-मिटायचे नसेल तर मग लॅपटॉप कशाला घ्यायचा?

कुठेतरी लिहिलेले हवे, म्हणून मी करारनामा शोधायला लागले. इथे आपल्या बाजूची गंमत सुरू झाली.

लॅपटॉप ज्यांच्याकडून घेतला ते दुकानदार आमच्या मोहल्ल्यातले, अब्बांच्या ओळखीचे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. वॉरंटी विकताना ते म्हणाले होते, “सगळं कव्हर आहे, बिनघोर राहा.” प्रत्यक्षात ती वॉरंटी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची नव्हतीच. ती दुसऱ्याच एका कंपनीची योजना होती, दुकानातून विकली जाणारी. हे आम्हाला जानेवारी २०२५ मध्ये कळले. योजना सुरू करताना ई-मेलच्या रकान्यात चाचांनी दुकानाचा ई-मेल टाकला होता, मोबाइल नंबरही दुकानाचा. त्यामुळे अटींची पीडीएफ आली ती त्यांच्याकडे, आणि ती त्यांनी उघडलीही नव्हती. बिल होते, पण ते त्या गुळगुळीत थर्मल कागदावर. अडीच वर्षांत अक्षरे उडून कागद पांढरा झाला होता. तारीख वाचायला बहिणीने तो मोबाइलच्या टॉर्चसमोर तिरपा धरला. फोटो काढून ठेवायला हवा होता हे आता सगळ्यांना सुचते.

चाचांचा यात वाईट हेतू होता असे मला वाटत नाही. ते सगळ्यांसाठीच स्वतःचा ई-मेल टाकतात, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना ई-मेल नसतो किंवा आठवत नसतो. आणि आपण ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून काही विचारत नाही. बिल मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अटी मागणे म्हणजे अपमान करणे, असा आपल्याकडे समज आहे. दीनदार घरांत तर जास्तच. मला याचे नवल वाटते, कारण कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, नमाजाबद्दलची नाही की रोजाबद्दलची नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलची आहे: मुदत किती, लिहिणार कोण, साक्षीदार कोण. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असेही तिच्यात बजावले आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या सौद्याला सूट आहे. पण वॉरंटी हा काही हातोहात सौदा नव्हे. पैसे आज घेतलेले असतात आणि वचन तीन वर्षांपर्यंतचे असते. (एक्स्टेंडेड वॉरंटीच मुळात जायज की नाही, यावर उलेमांत चर्चा होते. ती त्यांनी करावी. मी घेतलेल्या वॉरंटीबद्दल बोलते आहे.)

चाचांच्या मुलाने जुन्या मेलमधून पीडीएफ शोधून दिली. चौदा पाने. मी ती रविवारी सकाळी चहाबरोबर वाचली आणि सांगते, फार अवघड नव्हती. त्यात जे वगळले होते त्याची यादी होती: पडणे, आदळणे, पाणी-चहा सांडणे, बाहेरून जोर लागणे, कीड-मुंग्या, बॅटरी, अडॅप्टर. आणि सामान्य वापरात यांत्रिक भाग निकामी झाला तर दुरुस्ती मोफत, असेही स्पष्ट होते. बिजागरी हा शब्द चौदा पानांत कुठेच नव्हता. दुरुस्ती शक्यच नसेल तर तिसऱ्या वर्षी बिलाच्या निम्मी रक्कम, तीही खरेदी-कूपनच्या रूपात, असे शेवटून दुसऱ्या पानावर होते. ‘सगळं कव्हर’ मधले सगळे कसे असते, ते त्या पानावर कळते.

म्हणजे प्रश्न एवढाच उरला: बिजागरी सामान्य वापरात निकामी झाली, की बाहेरून जोर लागून? आणि हे सिद्ध कोणी करायचे? विम्याच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाचे सूत्र स्पष्ट आहे: जो अपवादाच्या कलमावर बोट ठेवतो, त्यानेच तो अपवाद लागू होतो हे दाखवायचे. वॉरंटी म्हणजे हुबेहूब विमा नव्हे, पण तर्क तोच आहे. कंपनीने पैसे घेताना ‘आम्ही दुरुस्त करू, अमुक सोडून’ असे म्हटले. मग ते अमुक घडले हे तिने दाखवावे. दोन मिनिटांत अंगठा दाबून ते दिसत नाही.

मी पाच फोटो काढले: चारही बाहेरचे कोपरे, आणि आत उपटलेले नट. करारातले पान, जॉबशीट, बिलाचा तिरपा फोटो जोडला आणि योजनेच्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल पाठवला. मेल बहिणीच्या नावाने, तिच्याच पत्त्यावरून. अम्मी म्हणाली तुझ्या नावाने पाठव, तू कंपनीत आहेस, पुण्याचा पत्ता आहे. बहीण म्हणाली, “आपा, लॅपटॉप माझा आहे.” मी सांगितलेल्या मजकुरातले दोन रागीट शब्द तिने काढून टाकले, ते बरेच झाले.

पंधरा दिवस काहीच उत्तर नाही. मग तिने १९१५ ला फोन केला. ही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतही बोलता येते. हेल्पलाइन न्यायालय नाही, ती कोणाला हुकूम देऊ शकत नाही. ती तक्रार नोंदवून क्रमांक देते आणि कंपनीकडे पाठवते. पण तेवढ्यानेही फरक पडतो, कारण आता उत्तर कुठेतरी नोंदले जाणार असते. चार दिवसांत कंपनीचा फोन आला. आवाज गोड. ‘विशेष बाब म्हणून’ दुरुस्तीत निम्मी सूट देतो, ४,७०० भरा. मेलवर फक्त एवढे कबूल करा की नुकसान वापरामुळे झाले आहे.

खरे सांगते, त्या क्षणी मलाही वाटले की घ्यावे. ४,७०० रुपये आणि तीन आठवड्यांची डोकेदुखी संपेल. बहिणीच्या परीक्षेची तारीख जवळ आली होती. पण ते कबुलीचे वाक्य! एकदा ते लिहिले की पुढे सगळे दार बंद. तिने दोन ओळींत उत्तर दिले: नुकसान करारात बसत असेल तर पैसे लागणार नाहीत, बसत नसेल तर कारण आणि पुरावा लेखी द्या. पुन्हा तपासणी झाली, या वेळी कोणीतरी लॅपटॉप खोलून पाहिला. मार्चच्या शेवटी फोन आला की पार्ट मागवला आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लॅपटॉप मिळाला. नवीन बिजागरी, नवीन मागचे झाकण, नवीन केबल. बिल शून्य. अकरा आठवडे.

लॅपटॉप जमा करण्याआधीच्या दोन गोष्टी मात्र सविस्तर सांगते, कारण त्या माझ्या धंद्यातल्या आहेत आणि त्यांत नुकसान पैशांपेक्षा मोठे होते. पहिली, डेटा. सर्व्हिस सेंटरच्या फॉर्मवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की डेटा गेला तर जबाबदारी आमची नाही, आणि पासवर्डसाठी एक रकाना असतो. आपल्या मुली तो मुकाट्याने भरतात. तुमचे घरचे फोटो, लग्नाचे फोटो, आधारचे स्कॅन, सगळे त्या पासवर्डमागे असते. आधी सगळे बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग शक्य असेल तर लॅपटॉप फॅक्टरी रीसेट करून द्या. नसेल तर तपासणीपुरते वेगळे खाते उघडून फक्त त्याचाच पासवर्ड द्या. ते खाते साधे ठेवा, ॲडमिनचे नको. मेल, ब्राउझर, व्हॉट्सॲप सगळ्यांतून बाहेर पडा. हे करायला एक संध्याकाळ लागते.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि आपल्याला ते माहीतही नसते. मदरबोर्ड बदलला की लॅपटॉप ४८ अंकांची रिकव्हरी की मागतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पण ते खाते दुकानदाराने लॅपटॉप सुरू करताना स्वतःच्या ई-मेलने उघडले असेल तर? तर की त्याच्याकडे, आणि त्याला पासवर्ड आठवत नसेल तर डेटा कायमचा गेला. माझ्या ओळखीत एका मुलाचा संपूर्ण प्रोजेक्ट असा गेला आहे. आज रात्री आपल्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहा, खाते कोणाच्या नावाने आहे ते.

आता कायद्याबद्दल. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. या नव्या कायद्यात एक बदल आपल्यासारख्यांसाठी फार मोलाचा आहे. पूर्वी तक्रार साधारणपणे कंपनीचे ऑफिस किंवा शाखा जिथे, किंवा व्यवहार जिथे घडला, तिथे करावी लागे. आता तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, तिथल्या जिल्हा आयोगातही ती करता येते. कंपनी गुरुग्रामची असो की बंगळुरूची, कराडच्या मुलीने साताऱ्याला तक्रार करावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. वकील असलाच पाहिजे असे नाही. ऑनलाइन दाखल करायची सोय आधी ई-दाखिलवर होती, २०२५ पासून ई-जागृतीवर आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. त्याबद्दल कोणाला खोटी आशा लावू नये.

आणि त्या फॉर्मवर धर्माचा रकाना नाही. नाव आहे, पत्ता आहे, बिलाची रक्कम आहे. अम्मीला मी तो फॉर्म स्क्रीनवर दाखवला. तिने वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाली, “बस, इतनाच?”

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची पन्नास वर्षांची परंपरा आहे. तिच्या बैठकांत आपले किती लोक असतात? मी दोनदा गेले आहे, दोन्ही वेळा माझ्यासारखी मीच होते. कोणी मज्जाव केला नव्हता. उलट खुर्ची दिली, चहा दिला, पुढच्या वेळी कोणाला तरी घेऊन या म्हणाले. आपणच जात नाही. आपण नागरिक म्हणून बोलतो ते आपल्यावर संकट आले की. एरवी लाइट बिल, लॅपटॉप, मेडिक्लेम, कोचिंग क्लासची फी परत न मिळणे, हे सगळे आपण खाजगी दुःख म्हणून गिळतो. बुक्क्याचे काका आणि आम्ही एका रांगेत उभे होतो, एकाच कंपनीच्या एकाच सबबीपुढे. मी मागे वळून त्यांना एवढेच म्हणायला हवे होते की काका, पैसे देऊ नका, लिहून मागा. मी म्हणाले नाही. माझ्या मनात तेव्हा स्पेलिंग होते.

बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, वॉरंटी घ्यावी की नाही. माझे मत विचाराल तर: लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचीच मिळत असेल आणि ती पडणे-सांडणे धरून असेल, तर विद्यार्थ्याने घ्यावी. दुकानातल्या तिसऱ्याच कंपनीची, काउंटरवर घाईत गळ्यात मारलेली असेल, तर नको. ते पाच हजार पोस्टाच्या आरडीत घाला. आणि घेतलीच, तर ई-मेल आपला आणि मोबाइल नंबर आपला घाला.

आमची गोष्ट सुखान्त आहे असे वाटेल, पण पूर्ण नाही. त्या अकरा आठवड्यांत बहिणीने प्रोजेक्ट कॉलेजच्या लॅबमध्ये आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर कसाबसा पूर्ण केला. एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा मात्र तिला देता आली नाही. कॅमेरा चालू ठेवणे सक्तीचे होते, लॅबच्या संगणकांना कॅमेरा नव्हता, माझा जुना लॅपटॉप त्या सॉफ्टवेअरला चालला नाही. ती नोकरी मिळालीच असती असे नाही. पण परीक्षा द्यायची संधी गेली, आणि शून्य रुपयांच्या बिलात ती कुठे धरलेली नाही.

तिला आता नुकसानभरपाईची तक्रार करायची आहे. मुदत जानेवारी २०२७ पर्यंत आहे. मसुदा तिनेच लिहिला, तीन पाने, मराठीत. विरुद्ध पक्ष क्रमांक एक: योजनेची कंपनी. क्रमांक दोन: सर्व्हिस सेंटर. क्रमांक तीनवर ती अडली आहे. ग्राहक पंचायतीतल्या ताईंनी सांगितले की विक्रेत्यालाही पक्ष करावे लागते, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवून सुटतात. त्यात दुश्मनी काही नाही. ‘सगळं कव्हर आहे’ हे शब्दही त्यांचेच होते.

हे घरात कळल्यापासून मोहल्ल्यातही कळले आहे. अब्बा म्हणतात, कंपनीवर हवी ती केस कर, आपल्या माणसावर नको. अम्मी, जी नाव कागदावर नको म्हणायची, ती या वेळी काहीच बोलली नाही. चाचा सलामाला जवाब देतात, पण आता दुकानात बसायला सांगत नाहीत. गेल्या आठवड्यात बहीण त्यांच्याकडे बिलाची दुसरी प्रत मागायला गेली होती. त्यांनी ती काढून दिली, शिक्का मारून, सही करून. मग चष्मा काढला आणि विचारले, “बेटी, मेरा नाम भी लिखी क्या?”

ती म्हणाली, “अजून नाही, चाचा.”

तिसरी ओळ अजून कोरी आहे.